अफूचा पास, कापडाचा कर

१८३० साली कंपनी सरकारने माळव्याच्या अफूला मुंबईची सरळ वाट खुली केली आणि त्या वाटेचे मोल ठरवले: पेटीमागे १७५ रुपये. तेवढे भरले की व्यापाऱ्याच्या हाती पास पडे, आणि पास दाखवला की पेटी कंपनीच्या हद्दीतून मुंबई बंदरापर्यंत बिनबोभाट जाई. त्याआधीची पंचवीस वर्षे हीच पेटी अडवण्यात गेली होती. बंदी घालून झाली, कंपनीने स्वतः गिऱ्हाईक म्हणून बाजारात उतरून पाहिले, संस्थानिकांशी करार झाले, वाटावाटांवर पहारे बसले. पेट्या जातच राहिल्या. जो माल अडत नाही त्यावर कर घ्यावा, हे कंपनीला एवढ्या खटपटीनंतर सुचले.

उज्जैनच्या दक्षिण अंगाला आज नानाखेडा आहे. बसस्थानक, स्टेडियम, नव्या वसाहती, आणि इंदूरकडे जाणारा रुंद, सदा गजबजलेला रस्ता. अफूच्या गाड्या निघत त्याही याच दिशेने: इंदूर, महू, मग घाट उतरून नर्मदा, खानदेश आणि मुंबई. मुक्त व्यापार असावा की देशी धंद्याला संरक्षण असावे, हा वाद आपण बहुधा इंग्लंडच्या इतिहासातून शिकतो. अ‍ॅडम स्मिथ, धान्याचे कायदे, मँचेस्टरचे गिरणीमालक. पण त्या वादाची दोन्ही टोके एकाच शतकात, एकाच सरकारच्या हातून भोगलेला प्रदेश हवा असेल तर माळव्याकडे पाहावे. अफूच्या बाबतीत त्याने मक्तेदारीशी झुंज घेतली, आणि कापडाच्या बाबतीत त्याच्यावर मुक्त व्यापार लादला गेला.

माळव्याची काळी जमीन अफूला फार मानवते. कार्तिकात पेरणी, माघात पांढऱ्या फुलांनी भरलेली शेते, आणि पाकळ्या गळून बोंड भरले की चिऱ्यांचा हंगाम. दुपार कलली की बायामाणसे दोन-तीन बारीक पात्यांचे हत्यार घेऊन एकेका बोंडाला उभे चिरे देत. रात्रभर चीक पाझरे आणि सकाळपर्यंत घट्ट होऊन तपकिरी पडे. मग तो खरवडून घ्यायचा. इथे माळव्याची स्वतःची रीत होती. चीक वाळून कडक होऊ नये म्हणून खरवडण्याला जवसाचे तेल लावत, आणि चीक तेलातच साठवत. गावच्या सावकाराने पेरणीआधीच उचल दिलेली असे, त्यामुळे चीक त्याच्याकडे जाई आणि तिथून उज्जैन, इंदूर, रतलाम, मंदसोरच्या पेढ्यांकडे. पेढीच्या कोठारात तो जाड कापडाच्या पिशव्यांत भरून अंधारात टांगून ठेवत, म्हणजे जास्तीचे तेल गळून जाई. मग मळणी, गोळे, अफूच्याच वाळल्या पानांच्या चुऱ्यात घोळवणे आणि फळ्यांवर सुकवणे. पाऊस सरेपर्यंत गोळे पेटीत बसायला तयार होत. एका पेटीत सुमारे ६३ किलो माल मावे. यातली कोणतीही पायरी सरकारी नव्हती. उचल देणारा, विकत घेणारा, भाव लावणारा, हुंडी लिहिणारा, सारे बाजारातले लोक होते.

बिहारात चित्र उलटे होते. तिथे १७७३ पासून कंपनीचा मक्ता होता आणि १७९७ पासून तर कंपनीची माणसेच शेतकऱ्याला उचल देऊन सारा माल ठरावीक भावाने उचलत. पाटणा आणि गाझीपूरच्या कोठारांतून पेट्या कलकत्त्याच्या लिलावात जात, तिथून खाजगी व्यापारी त्या चीनला नेत. चीनच्या बादशहाने अफूला बंदी केली होती, म्हणून कंपनीने आपली जहाजे त्या मालापासून दूर ठेवली. पण त्या विक्रीतून येणाऱ्या चांदीवरच कंपनीचा कँटनमधला चहा घेतला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हिंदुस्थान सरकारच्या महसुलाचा सहावा-सातवा हिस्सा अफूतून येत होता. हा पैसा टिकायचा तर कलकत्त्याचा भाव चढा राहायला हवा, आणि भाव चढा राहायचा तर माल मोजका हवा. माळव्याची स्वस्त अफू चीनच्या किनाऱ्यावर उतरली की हे गणित कोसळे.

म्हणून १८०५ मध्ये मुंबई बंदरातून माळव्याच्या अफूची निर्यात बंद करण्यात आली. १८१८ साली मराठ्यांचे राज्य गेले, होळकरांचा मंदसोरचा तह झाला, शिंद्यांचे बळ ओसरले, आणि कंपनीला वाटले की आता माळवा मुठीत आला. १८२० च्या सुमारास तिने तिथे आपला एजंट नेमून भराभर अफू विकत घ्यायला सुरुवात केली. सगळा माल आपणच उचलला तर चोरटा व्यापार आपोआप थांबेल, अशी समजूत होती. झाले भलतेच. मोठे गिऱ्हाईक आल्याचे पाहून भाव चढले, आणि भाव चढल्याचे पाहून शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. मग १८२४ ते १८२६ या काळात होळकर, उदयपूर, कोटा वगैरे दरबारांशी करार करून पेरा आणि वाहतूक आवळण्याचा प्रयत्न झाला. संस्थानिकाने व्यापार अडवायचा आणि कंपनीने त्याला भरपाई द्यायची, असा तो सौदा होता.

शिंद्यांनी असा करार केला नाही, आणि उज्जैन शिंद्यांचे होते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली तेव्हापासून उज्जैनचे राजकीय तेज मावळले होते, पण पेढ्या तिथेच राहिल्या. १८२७ मध्ये दौलतराव गेल्यावर कारभार बायजाबाईंच्या हाती आला. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही मुलगी घोड्यावरची मांड आणि दरबारातला धाक यांसाठी प्रसिद्ध आहेच; सावकारीतले तिचे कसब मात्र आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. बायजाबाईंचा स्वतःचा पैसा सराफीत गुंतलेला होता आणि उज्जैनच्या पेढ्यांवर त्यांचा हात होता. उज्जैनच्या भर बाजारातले गोपाळ मंदिर त्यांनीच बांधवले. १८३३ मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले. पण जी काही वर्षे कारभार त्यांच्याकडे होता, त्यांत बाजाराची भाषा कळणारे माणूस शिंद्यांच्या गादीमागे बसलेले होते. उज्जैनचा व्यापारी कंपनीपुढे ताठ उभा राहू शकला तो याच आधारावर, असे मला वाटते.

मुंबईची वाट बंद, तर व्यापाऱ्यांनी दुसरी शोधली. ती पाहिली की आजही थक्क व्हायला होते. माळव्यातून माल उत्तरेला मारवाडात पालीला जाई, तिथून वाळवंट तुडवत जैसलमेर, पुढे सिंध, सिंधच्या अमीरांना जकात देऊन कराची, आणि कराचीहून गलबतात भरून पोर्तुगीजांच्या दमणला. उज्जैनहून दमण सरळ रेषेत नैऋत्येला आहे. तिथे पोचण्यासाठी पेटी आधी वायव्येला शेकडो कोस जात असे. वाटेत उंटवाले, राखणदार, विमा उतरवणारे, जागोजागच्या नाक्यांवरचे कारकून, सगळ्यांचे हात ओले करावे लागत. एवढे करूनही धंदा परवडत होता, आणि वर्षाला हजारो पेट्या त्या वाटेने जात होत्या. मुंबईतले बडे व्यापारी यात उघडपणे होते. जमशेटजी जीजीभाई, मोतीचंद अमीचंद आणि रोजेरिओ द फारिया यांनी १८२० च्या दशकात एकत्र येऊन माळव्याच्या अफूची खरेदी केली. पारशी, जैन आणि गोव्याकडचा ख्रिस्ती, तिघे मिळून कंपनीच्या मक्त्याला भगदाड पाडत होते. मुंबईतले जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा ज्या संपत्तीतून उभ्या राहिल्या, तिच्यात चीनच्या व्यापाराचा वाटा मोठा आहे.

हा माल विष होता, ते विसरून पुढे जाता येणार नाही. त्याने चीनची घरेच्या घरे उद्ध्वस्त केली, आणि १८३९ मध्ये चीनच्या सरकारने तो जप्त केला तेव्हा ब्रिटिशांनी युद्ध पुकारले. त्या युद्धालाही मुक्त व्यापाराचे नाव दिले गेले. उज्जैनच्या पेढीवरचा माणूस त्या पापात भागीदार होता. पण बिहारचा शेतकरी आणि माळव्याचा शेतकरी यांच्यात जो फरक पडला, तोही खरा आहे. बिहारात नफा कंपनीच्या तिजोरीत गेला आणि शेतकऱ्याच्या हाती ठरीव भाव राहिला. माळव्यात नफा सावकार, अडते, दलाल, पेढीवाले, मुंबईचे निर्यातदार यांच्यात वाटला गेला. पश्चिम हिंदुस्थानात पुढे देशी भांडवल उभे राहिले आणि पूर्वेकडे ते तसे राहिले नाही, याची अनेक कारणे आहेत. त्यांत हे एक ठळक आहे. मुक्त बाजाराच्या बाजूने माळव्याच्या इतिहासात जर कोणते एक पान असेल, तर ते हेच.

१८३० चा पास म्हणजे कंपनीने पराभवाचे केलेले नीट हिशेबी रूपांतर होते. व्यापाऱ्याला कराचीच्या फेऱ्यावर जेवढा खर्च पडतो, त्याहून पासाची किंमत थोडी कमी ठेवायची, म्हणजे तो सरळ मुंबईला येईल. १७५ रुपये जास्त झाले असे दिसले, कारण माल अजूनही दमणकडे वळत होता. म्हणून १८३५ मध्ये ते १२५ वर आणले. म्हणजे कर किती घ्यायचा हे कलकत्ता ठरवत नव्हते, ते कराचीची वाट ठरवत होती. मग १८३९ मध्ये इंग्रजांनी कराची घेतली आणि १८४३ मध्ये सगळा सिंध. त्याच वर्षी पास २०० रुपयांचा झाला, १८४५ मध्ये ३००, १८४७ मध्ये ४००. पुढे १८६० च्या दशकात तो ६०० च्या घरात गेला. माल तोच, वाट तीच, गिऱ्हाईक तेच. दुसरी वाट तेवढी उरली नव्हती. शतकाच्या उत्तरार्धात वर्षाला ४० हजारांच्या आसपास पेट्या मुंबईहून जात. पेटीमागे ६०० धरले तरी दोन कोटी चाळीस लाख रुपये होतात, आणि तेही एक बी न पेरता, एका शेतकऱ्याला उचल न देता.

आता याच काळात लंडनमध्ये काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहावे. १८१३ मध्ये कंपनीचा हिंदुस्थानातला व्यापारी मक्ता गेला, १८३३ मध्ये चीनचा. १८४६ मध्ये धान्याचे कायदे रद्द झाले आणि मुक्त व्यापार हा इंग्लंडचा जणू धर्म झाला. ‘द इकॉनॉमिस्ट’ हे साप्ताहिक त्याच धर्माच्या प्रचारासाठी १८४३ मध्ये काढणारे जेम्स विल्सन १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानचे पहिले वित्त सदस्य म्हणून आले. १८६० मध्ये त्यांनी आपल्याकडचा पहिला प्राप्तिकर बसवला आणि त्याच वर्षी कलकत्त्यात त्यांचा अंत झाला. मुक्त व्यापाराच्या या कडव्या पुरस्कर्त्याच्या अंदाजपत्रकातही बंगालची अफू सरकारी मक्त्यातच राहिली आणि माळव्याची पासावर. तत्त्वाचा इतका आग्रह असता तर पहिला घाव तिथे पडायला हवा होता. तो पुढे पडला आयात कापडावरच्या जकातीवर.

रेल्वे माळव्यात १८७० च्या दशकात आली. होळकरांनी आणि शिंद्यांनी त्यासाठी सरकारला मोठी कर्जे दिली. उज्जैनलाही फाटा मिळाला. त्या रुळांवरून कापूस आणि अफू मुंबईकडे गेली आणि मँचेस्टरचे कापड उलट दिशेने आले. त्याच सुमाराला मुंबईत, अहमदाबादेत, नागपुरात गिरण्यांची धुराडी उठत होती. लँकेशायरच्या मालकांनी आरडाओरड सुरू केली की हिंदुस्थानात परदेशी कापडावर जी पाच टक्के जकात आहे, तिचा आडोसा या गिरण्यांना मिळतो. ती जकात कुणाला संरक्षण देण्यासाठी बसवलेली नव्हती, नुसती तिजोरी भरण्यासाठी होती. तरीही जुलै १८७७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभेने ती काढून टाकण्याचा ठराव केला. तो काळ दक्षिणेतल्या भयंकर दुष्काळाचा होता, सरकारला पै-पैची गरज होती. १८७९ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांनी स्वतःच्याच मंडळातल्या बहुमताला डावलून जाड्याभरड्या कापडावरची जकात उठवली. १८८२ मध्ये उरलीसुरलीही गेली.

मराठी माणसे तोवर गप्प नव्हती. भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी १८४१ मध्येच मुंबईच्या इंग्रजी पत्रात कंपनीच्या व्यापारी लुटीवर जळजळीत पत्रे लिहिली होती. रामकृष्ण विश्वनाथ यांनी १८४३ मध्ये मराठीत पुस्तकच लिहिले. लोकहितवादींनी देशी माल वापरा म्हणून सांगितले. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेले. पण यांत सगळ्यांत नेटका युक्तिवाद उभा केला तो काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी. त्याच १८७७ साली, जेमतेम सत्ताविशीत, त्यांनी मुंबईत मुक्त व्यापार आणि संरक्षण यांच्याकडे हिंदी दृष्टीने पाहणारे व्याख्यान दिले, आणि ते छापूनही निघाले. तेलंगांनी शत्रूचेच शस्त्र उचलले. जॉन स्टुअर्ट मिल हा मुक्त व्यापाराचा मोठा पंडित; पण नव्या देशात नवा धंदा रुजेपर्यंत त्याला तात्पुरते संरक्षण द्यायला हरकत नाही, हे त्यानेच लिहून ठेवले होते. मग हिंदुस्थानलाच ते का लागू नाही? स्वस्त कापडाने गरिबाचा फायदा होतो, हा प्रतिपक्षाचा मुद्दा तेलंगांनी टाळला नाही. तो फायदा खरा, पण सगळ्या देशाने एकट्या शेतीवर पोट भरायचे ठरवले तर पाऊस हुकला की त्या स्वस्त कापडालाही पैसे कुठून येणार, हा त्यावरचा सवाल होता. दुष्काळाच्या वर्षी तो पुस्तकी वाटण्याचे कारण नव्हते.

पंधरा वर्षांनी, १८९२ मध्ये, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे हिंदी अर्थशास्त्रावर बोलले. त्या व्याख्यानाची शिस्त अजून वाचणाऱ्याला बांधून ठेवते. त्यांचे म्हणणे असे होते की इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत हे निसर्गनियम नव्हेत. ते एका देशाच्या एका काळातल्या अनुभवातून काढलेले आहेत. जर्मनीचा फ्रीडरिश लिस्ट त्यांना जवळचा वाटला तो यामुळे. लिस्टने राष्ट्राला घटक मानले होते. डझनावारी जर्मन संस्थानांनी १८३४ पासून आपापसांतली नाकी उठवून बाहेरच्या मालासाठी एकच जकात ठेवली, त्या संघासाठी लिस्टने आधी जिवापाड खटपट केली होती. आत मोकळीक, बाहेर कुंपण. माळव्याच्या व्यापाऱ्याला हे समजायला पुस्तक लागत नव्हते. त्याच्या प्रदेशात शिंदे, होळकर, दोन्ही पवार, रतलाम, सीतामऊ, जावरा अशा हद्दी एकमेकींत गुंतल्या होत्या आणि प्रत्येक हद्दीवर कुणीतरी सायर वसूल करायला बसलेला होता.

रानड्यांचा सारा भर जकातीच्या भिंतीवर होता, असेही नाही. ती भिंत परक्या सरकारकडून मिळणार नाही हे ते ओळखून होते. त्यांनी बोट ठेवले ते सरकारच्या वागण्यावर. रेल्वे कंपन्यांना व्याजाची हमी कोण देते? चहा आणि सिंकोना यांच्या लागवडीचे पहिले प्रयोग कुणी केले? सरकारनेच. म्हणजे सरकारने धंद्यात हात घालू नये हा नियम साहेबांच्या मळ्यांपाशी थांबतो आणि देशी कारखान्यापाशी लागू होतो. रानड्यांची ही बोच गणेश व्यंकटेश जोश्यांनी आकड्यांत मांडली. सरकारी शाळेत शिकवणारा हा गृहस्थ सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात जकातीचे, रेल्वेचे, शेतीचे तक्ते असे लावी की पुढे गोखल्यांनाही अंदाजपत्रकाच्या भाषणांसाठी त्यांच्याकडे जावे लागे.

१८९४ मध्ये तिजोरी कोरडी पडली आणि सरकारला आयातीवर पुन्हा जकात बसवावी लागली. लँकेशायर पुन्हा उठले. तोड निघाली ती १८९६ मध्ये: बाहेरून येणाऱ्या कापडावर साडेतीन टक्के, आणि हिंदुस्थानच्या गिरणीत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी. आपल्याच देशातल्या मालावर, परदेशी मालाला जड जाऊ नये म्हणून कर. गिरण्यांचे बहुतेक कापड जाडेभरडे होते, लँकेशायरचे तलम. दोघांची गाठ क्वचितच पडे, तरी कर लागलाच. पुण्यात त्या वर्षी परदेशी कापडावर बहिष्काराची चळवळ पेटली, विलायती कापडाच्या होळ्या झाल्या, ‘केसरी’ने रान उठवले. १९०५ ची स्वदेशी सगळ्यांना माहीत असते. तिची तालीम नऊ वर्षे आधी या साडेतीन टक्क्यांवर झाली होती.

या कायद्यात एक बारकावा होता, तो सहसा सांगितला जात नाही. सूत मात्र करमुक्त राहिले आणि हातमागाला अबकारी नव्हती. चंदेरी आणि महेश्वरचे विणकर तोवर गिरणीचे बारीक सूत वापरू लागले होते. त्यांना हा कायदा जाचला नाही, उलट गिरणीच्या कापडापुढे थोडा आधारच मिळाला. गिरणीमालकाच्या संरक्षणाची मागणी आणि विणकराची गरज या एकच नव्हत्या. पुढे १९२२ मध्ये सुतावर जकात आली तेव्हा हे उघड झाले. राष्ट्राचे हित म्हणून जे बोलले जाते त्याच्या आतही अनेक घरे असतात, आणि त्या घरांतले वाद आपल्या इतिहासलेखनाने फार लवकर मिटवून टाकले.

उज्जैनमध्ये गिरणी आली ती या सगळ्या झटापटीच्या मध्यावर. एकोणिसावे शतक संपता संपता नजरअली मिल उभी राहिली, पुढे विनोदीराम बालचंद या झालरापाटणच्या पेढीची विनोद मिल, आणि त्यानंतर हीरा मिल. माळव्यातल्या पेढ्यांचा पैसा अफूतून कापसाकडे आणि कापसातून गिरणीकडे सरकत होता, आणि त्याला १९०७ नंतर वेग आला. त्या वर्षी इंग्लंड आणि चीन यांच्यात अफूची निर्यात दरसाल कमी करत दहा वर्षांत बंद करण्याचे ठरले. प्रत्यक्षात चीनला जाणारा माल १९१३ मध्येच थांबला. ज्या सट्टेबाजीवर इंदूर-उज्जैनचे सराफे रात्ररात्र जागत, कलकत्त्याच्या लिलावाच्या तारेवर ज्यांची दिवाळी आणि दिवाळे ठरे, तो धंदा हाताबाहेर गेला. पैसा होता, माणसे होती, काळ्या जमिनीत कापूसही होता. गिरणीला लागते ते सगळे हाताशी होते. पण जकात ठरवण्याचा अधिकार ना उज्जैनच्या हाती होता, ना ग्वाल्हेरच्या, ना मुंबईच्या.

हे सगळ्यांत स्पष्ट दिसले ते गोखल्यांना. मार्च १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात परदेशी साखरेवर जकात वाढवण्याची मागणी आली. गोखले स्वदेशीचे, त्यांनी आनंदाने उचलून धरावी अशीच मागणी. पण ते सावध बोलले. संरक्षण दोन जातींचे असते असे त्यांनी सांगितले. एक देशाचा उद्योग वाढवते आणि त्याचा भार सगळ्यांनी मिळून सोसलेला असतो. दुसरे वजनदार मंडळींच्या हातात पडते आणि गरिबाच्या खिशातून त्यांचे भले करते. सरकार जोवर लोकांना जबाबदार नाही, तोवर हाती येईल ते पहिल्या जातीचे असेल याची खात्री कोण देणार? मुक्त व्यापार आणि संरक्षण यांत गोखल्यांनी मुक्त व्यापार निवडला असे नव्हे. त्यांनी प्रश्नच एक पायरी खाली नेला, नाक्यावर कोण बसले आहे तिथपर्यंत. माझ्या मते आपल्याकडच्या या सगळ्या वादातला हा सर्वांत खोल विचार आहे, आणि अफूच्या पासाचा इतिहास त्याला ऐंशी वर्षे आधीपासून साक्ष देत होता. कराचीची वाट खुली होती तोवर पास १२५ चा होता. ती बंद झाली आणि चार वर्षांत ४०० झाला.

पहिल्या महायुद्धाने सरकारची तिजोरी इतकी रिकामी केली की लँकेशायरचे रडगाणे ऐकणे परवडेना. १९१७ मध्ये कापडाची जकात साडेसात टक्के झाली, १९२१ मध्ये ११. सर इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९२२ मध्ये पारखून, निवडून संरक्षण देण्याची शिफारस केली. खुद्द अध्यक्षांसह काही हिंदी सभासदांनी ते पुरेसे नाही म्हणून वेगळे मत नोंदवले. साडेतीन टक्क्यांची अबकारी मात्र कायम होती. ती हलली मुंबईच्या कामगारांमुळे. १९२५ च्या सप्टेंबरात गिरणीमालकांनी मजुरीत साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि दीड लाखाच्या आसपास कामगारांनी काम बंद केले. गिरणगावच्या चाळींतून माणसे कोकणात, घाटावर आपापल्या गावी परतली. अबकारी काढा, आम्ही कपात मागे घेतो, असे मालकांनी सरकारला सुनावले. डिसेंबरच्या सुरुवातीला अबकारी स्थगित झाली, कपात मागे गेली, भोंगे पुन्हा वाजले. १९२६ मध्ये कर कायमचा रद्द झाला. रत्नागिरी-साताऱ्याकडच्या माणसांनी तीन महिने उपास काढले, तेव्हा तीस वर्षांच्या लेखांना आणि ठरावांना जे जमले नव्हते ते झाले.

पुढचे उज्जैन आपल्याला जास्त ठाऊक आहे. जकातीच्या भिंतीआडच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरण्यांनी शहराला पोसले, पण यंत्रे जुनी होत गेली. पॉवरलूम आणि कृत्रिम धाग्यांचे कापड पुढे गेले आणि १९९० च्या दशकात विनोद मिलला टाळे लागले. त्याचा दोष एकट्या १९९१ च्या उदारीकरणावर टाकता येत नाही. आजार आधीचा होता. आपल्या हक्काच्या पैशांसाठी तिथल्या कामगारांनी दोन दशकांहून अधिक काळ कोर्टाचे उंबरे झिजवले.

माळव्याच्या आतली नाकी गेली ती स्वातंत्र्यानंतर. १९४८ मध्ये शिंदे, होळकर आणि त्यांच्या भोवतालची संस्थाने मिळून मध्य भारत झाला. १९५० च्या राज्यघटनेच्या ३०१ व्या कलमाने देशभर व्यापार मोकळा केला. जुन्या संस्थानी मुलखाला काही काळ आपली जकात चालू ठेवण्याची सवड ३०६ व्या कलमात होती, तीही १९५६ मध्ये काढून टाकली. लिस्टच्या जर्मनीसारखी आत मोकळीक आणि बाहेर एकच जकात आली, फक्त ती जकात ठरवणारे सभागृह आता दिल्लीत आणि मतांवर निवडलेले होते.

अफू तेवढी या मोकळिकीच्या बाहेर राहिली. मंदसोर, नीमच, रतलामकडचा शेतकरी आज ती औषधांसाठी पिकवतो, केंद्राच्या परवान्यावर, आखून दिलेल्या क्षेत्रात, आणि सारा चीक ठरलेल्या भावाने सरकारला घालतो. एकेकाळी बिहारच्या शेतकऱ्याची जी स्थिती होती, कागदावर तीच आता माळव्याच्या शेतकऱ्याची आहे. परवाने देणाऱ्या नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय शिंद्यांच्या ग्वाल्हेरात आहे. मात्र उतारा थोडा कमी पडला म्हणून परवाना कापला गेला, तर हा शेतकरी खासदाराच्या दारात जाऊन बसतो, निवेदने देतो, आणि पुढच्या हंगामाच्या धोरणात ती अट सैल करून घेण्यासाठी भांडतो.